३ मेगापिक्सेलचा जुना फोटो भिंतीवर मोठा छापायचा आहे

कृष्णाकाठची (शनिवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. मी सांगलीत गावभागात राहते. आईचा तानपुरा मिरजेचा आहे. त्याची जवारी काढायची, म्हणजे तारा टेकतात ती घोडी घासून सूर नीट करायचा झाला की आम्ही सतारमेकर गल्लीत एका चाचांकडे जायचो. २००४ च्या डिसेंबरात गेलो तेव्हा माझ्या हातात पहिलाच डिजिटल कॅमेरा होता, कॅनन पॉवरशॉट ए७५. चाचांनी घोडीवर कानस फिरवली, तार छेडली, कान दांडीजवळ नेला आणि डोळे मिटले. दारातून तिरपा उजेड येत होता. तेवढ्यात मी फोटो काढला.

चाचा तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या मुलाने आता कारखाना नव्याने बांधून काढलाय. बैठकीच्या भिंतीवर त्याला वडिलांचा फोटो लावायचा आहे. घरात आहेत ते सगळे लग्नकार्यातले. काम करतानाचा हा एकच. मी तेव्हा त्यांना दिलेली ६ बाय ८ ची प्रिंट फिकट पडली आहे. माझ्याकडची प्रिंट २०१९ च्या पुरात गेली. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर चढलं होतं, तळमजल्यावरचे सगळे अल्बम त्यात लगदा झाले.

मुलाच्या मनात ४० बाय ३० इंच आहे. माझ्याकडची फाइल १०२४ बाय ७६८ पिक्सेलची. एका दुकानात विचारलं तर "फोटो फुटणार, आम्ही छापत नाही" म्हणाले. दुसऱ्या दुकानात म्हणाले, एआयवर टाकतो, दोन मिनिटांत एचडी होईल. खरं कोणाचं? आणि हे काम नीट करायचं तर कसं करतात?

माहुलीकर (शनिवार, रात्री ९:४५)

ताई, मी साताऱ्याचा. वीसेक वर्षं सह्याद्रीत फोटो काढतोय आणि छापतोय. बाकी सगळं नंतर, आधी एक गोष्ट करा: मूळ फाइल शोधा.

ए७५ हा ३.२ मेगापिक्सेलचा कॅमेरा. त्यातून निघणारा पूर्ण फोटो २०४८ बाय १५३६ असतो. तुमच्या हातात १०२४ बाय ७६८ आहे, म्हणजे दोन्ही बाजू निम्म्या आणि पिक्सेल चौथाई. तेव्हा ईमेलने पाठवायला सगळेजण फोटो असाच लहान करायचे. लहान केलेल्या फाइलवर मेहनत घेण्याआधी घरातल्या जुन्या सीडी, बंद पडलेला कॉम्प्युटर, कॅमेऱ्याचं कार्ड असं सगळं धुंडाळा. ती फाइल मिळाली तर निम्मं काम झालं समजा.

ठोसेघर (शनिवार, रात्री १०:०२)

आणि कोणी पाठवणार असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून घेऊ नका, डॉक्युमेंट म्हणून मागवा. फोटो म्हणून आला की तो लहान होऊन, दाबून येतो. आमच्या आजोबांच्या फोटोचं असंच झालं. छापून आल्यावर कळलं.

कृष्णाकाठची (रविवार, दुपारी १:२०)

सापडली! माळ्यावर दिवाळीच्या आकाशकंदिलांच्या खोक्यात सीडींचं एक पाकीट होतं. पाणी तिथवर पोचलं नव्हतं. एका सीडीवर मार्करने "मिरज डिसें. ०४" असं आईचंच अक्षर. लॅपटॉपला सीडीची खाच नाही, शेजारच्या काकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर तिसऱ्या खेपेला वाचली गेली.

फोटो २०४८ बाय १५३६ आहे, साधारण १.३ एमबी. त्याच वेळचे तीन फोटो आहेत. एकात हात हललाय, एकात चाचा माझ्याकडे बघून हसतायत. डोळे मिटलेला हा एकच. माहितीत आयएसओ २००, शटर १/३०, फ्लॅश बंद असं दिसतंय.

रसायनकाका (रविवार, दुपारी १:४१)

पोरी, आधी त्या सीडीतलं सगळं दोन ठिकाणी उतरवून घे. मगच पुढचं बोलू. वीस वर्षांची घरी लिहिलेली सीडी आज वाचली म्हणून पुढच्या महिन्यात वाचेलच असं नाही. पुसायची झाली तर मऊ कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पूस. गोल गोल पुसू नकोस. माहिती गोलाकार लिहिलेली असते, त्या दिशेचा ओरखडा जास्त वाईट.

माहुलीकर (रविवार, रात्री ८:३०)

आता हिशोब. दुकानदार म्हणतो "३०० डीपीआय पाहिजे", म्हणजे इंचाला ३०० ठिपके. त्या मापाने तुमचा फोटो ६.८ बाय ५.१ इंच एवढाच छापता येईल. हा ३०० चा आकडा हातात धरून, दहा-बारा इंचांवरून बघायच्या प्रिंटसाठी आहे. भिंतीवरचा फोटो कोणी नाकाला लावून बघत नाही.

चांगली नजर साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातलं वेगळेपण ओळखते. त्यावरून एक सोपं सूत्र निघतं: ३४३८ ला अंतराने (इंचांत) भागा. येणारा आकडा म्हणजे त्या अंतरावर इंचाला किती पिक्सेल पुरतात. १० इंचांवर ३४४. ४० इंचांवर ८६. ६ फुटांवर, म्हणजे ७२ इंचांवर, ४८.

तुमच्या २०४८ पिक्सेलचे ४० इंच केले तर इंचाला ५१ पडतात. ६ फुटांवर बसलेल्या माणसाला ते पुरतात. अजून एक उदाहरण देतो. ४३ इंची फुल एचडी टीव्हीवर इंचाला ५१ च्या आसपासच पिक्सेल असतात. घरोघरी तो सात-आठ फुटांवरून बघतात, आणि चित्र फुटलं असं कोणी म्हणत नाही.

याच्या पुढचं गणित मी एकदा वहीत मांडलं तेव्हा मलाच नवल वाटलं होतं. चित्र सुखाने एका नजरेत मावावं म्हणून माणूस साधारण त्याच्या कर्णाच्या दीडपट अंतरावर उभा राहतो. ४:३ आकाराच्या फोटोची रुंदी कर्णाच्या ०.८ पट असते. सूत्रात घातलं तर कर्ण दोन्हीकडून कटून जातो आणि उरतात रुंदीला १८३० च्या आसपास पिक्सेल. म्हणजे सगळी माणसं तेवढ्या अंतरावर थांबणार असतील, तर २०४८ पिक्सेलचा फोटो कुठल्याही आकारात पुरेल! १०२४ वाला मात्र त्या मापाला उतरला नसता. म्हणून सीडीसाठी मागे लागलो होतो.

अडचण एवढीच की माणसं थांबत नाहीत, जवळ जातात. तेव्हा तुमचे मेगापिक्सेल बाजूला ठेवा आणि त्या भिंतीशी माणूस किती जवळ येऊ शकतो ते मोजून आणा. मोजपट्टी घेऊन मिरजेला जा.

चौरसफूट (रविवार, रात्री ९:०५)

बरोबर सांगितलं. मी कराडला फ्लेक्स छापतो. हायवेवरचा बोर्ड ५० फुटांवरून बघतात, म्हणजे ६०० इंच. त्या सूत्रात इंचाला ६ पिक्सेल पुरे होतात. म्हणून मोबाइलवरचा फोटो २० फुटी बोर्डावर खपून जातो. लोक बोर्ड बघतात आणि घरच्या फोटोला तोच हिशोब लावतात, तिथं फसतात.

ताई, फ्लेक्सवर मात्र छापू नका. मी स्वतः फ्लेक्सवाला असून सांगतोय. फ्लेक्सचं कापड खरखरीत, शाईचे ठिपके मोठे, आणि ते चार पावसाळे टिकायला केलेलंच नाही. माझ्या मते कॅनव्हास घ्या, ४० बाय ३० बिनधास्त करा. कॅनव्हासच्या विणीत फाइलचे बारीक दोष लपतात.

रसायनकाका (रविवार, रात्री १०:१५)

कॅनव्हासवर दोष लपतात, तसं कामही लपतं. हा माणूस कानस चालवतोय, बोटं दिसली पाहिजेत. मी तरी कागदच म्हणेन.

मी साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका कलर लॅबमध्ये २२ वर्षं काढली. रोलचा जमाना पाहिला, मग डिजिटल मशीन आलं. आमच्या मशीनचा कागदाचा रोल १२ इंची, त्यामुळे १२ बाय १८ च्या वर इंकजेटशिवाय मार्ग नसायचा. गिऱ्हाईक यायचं, लहानशी फाइल द्यायचं, आम्ही मशीनवर आकार टाकून बटण दाबायचो. मशीन आपल्या परीने फोटो ताणायचं. जे यायचं ते यायचं. काम नीट करायचं तर ताणण्याआधीची मेहनत महत्त्वाची, आणि तिचा क्रम चुकवायचा नाही.

पहिली साफसफाई, मूळ आकारातच. जुन्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या फोटोत सावलीच्या भागात लाल-हिरवे ठिपके असतात, ते आधी काढायचे. जेपीईजी फाइल चित्राला ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत तोडून दाबते, गुळगुळीत भिंतीवर ते चौकोन दिसतात. तेही हलक्या हाताने घालवायचे. दाराच्या उजळ कडेला जांभळी किनार असेल तर ती काढायची. मोठं केल्यावर हेच डाग चारपट होतात आणि मग ते चित्राचाच भाग वाटायला लागतात.

रंग, उजेड-सावली त्यानंतर. मग मोठं करणं. आणि धार, म्हणजे शार्पनिंग, अगदी शेवटी, छापायच्या आकारात आल्यावर. लोक उत्साहात पहिल्यांदा धार लावतात. ए७५ सारख्या कॅमेऱ्याने आत आधीच थोडी धार लावलेली असते. त्यावर आपली धार, मग ताणणं, की कडेला पांढरी रेघ उमटलीच. माणसाभोवती कोणी खडू फिरवल्यासारखं दिसतं.

फाइल दर वेळी जेपीईजी म्हणून परत परत सेव्ह करू नकोस. पहिल्यांदाच १६ बिट टिफ (सेव्ह करताना चित्र न बिघडवणारी फाइल) करून घे, पुढचं सगळं काम त्यावर.

बिंदूगणित (सोमवार, सकाळी ७:५०)

मी सांगलीच्या वालचंद कॉलेजला शिकतो, इमेज प्रोसेसिंग हा माझ्या आवडीचा विषय. मोठं करण्याच्या दोन जाती आहेत, त्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

जुनी जात म्हणजे बायक्युबिक, लँक्झोस वगैरे. नवीन पिक्सेलचा रंग आजूबाजूच्या पिक्सेलवरून काढायचा. बायक्युबिक भोवतालचे १६ पिक्सेल बघतं. हे नवीन काहीच आणत नाही, आहे तेच पसरवतं. म्हणून चित्र मऊ पडतं, पण खोटं बोलत नाही. जिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नोहॅलो नावाची पद्धत आहे, कडेला पांढऱ्या रेघा कमी आणतं.

दुसरी जात एआयची. या प्रोग्रॅमला लाखो चित्रं दाखवलेली असतात, लहान केलेलं आणि त्याचं मूळ मोठं अशा जोड्यांनी. "असं लहान दिसतं तेव्हा मोठ्यात बहुधा असं असतं" हे तो शिकतो. म्हणजे तो अंदाज करतो. लाकडाचे रेषे, विटांची भिंत, कापड यांचा अंदाज छान उतरतो. चेहरा, अक्षरं आणि एखाद्या धंद्याचीच खास वस्तू असेल तिथे तो त्याच्या ओळखीचं काहीतरी घालतो.

अ‍ॅडोबीने २०२१ मध्ये सुपर रिझोल्यूशन आणलं, ते दोन्ही बाजू दुप्पट करतं. त्याचा खरा फायदा रॉ फाइलला, म्हणजे कॅमेऱ्याने दाबण्याआधीच्या कच्च्या फाइलला. तुमच्याकडे जेपीईजी आहे. अपस्केल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं, फोटो कुठे चढवावा लागत नाही. करून बघा, पण चेहरा सुधारण्याची सोय जिथे जिथे दिसेल तिथे बंद ठेवा.

कृष्णाकाठची (मंगळवार, रात्री ९:३०)

बिंदूगणित, तुम्ही लिहिलंत ते डोळ्यांनी पाहिलं.

त्या दुसऱ्या दुकानात फाइल दिली होती, त्यांनी एआयवर करून दिली. पडद्यावर बघून मी खूश झाले. पांढरी दाढी केस न् केस सुटी, डोळ्यांच्या पापण्या, शर्टाची वीण. आज ती घेऊन मिरजेला गेले. चाचांच्या मुलाने लॅपटॉप मांडीवर घेतला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, फोटो सुंदर झालाय. पण हे अब्बा नाहीत."

मग त्याने एकेक दाखवायला सुरुवात केली. तानपुऱ्याला तारा चार, या चित्रात घोडीपाशी पाच झाल्यात आणि एक मधेच संपते. तारेखाली घोडीवर घालतात ते जवारीचं सूत गायब. सूर बारीक लावायला तारेत ओवलेल्या मण्याच्या जागी स्क्रूसारखं काहीतरी आलंय. आणि डावा अंगठा. वर्षानुवर्षं कानस धरून चाचांच्या त्या नखाला उभी चीर पडली होती. मूळ फाइलमध्ये तिथे चार-पाच काळपट पिक्सेल आहेत. एआयने तो डाग समजून पुसला आणि गुलाबी, नितळ नख काढून दिलं. मुलगा म्हणाला, "मी लहानपणी त्या नखावरून बोट फिरवायचो."

मला इतकं अपराधी वाटलं. फोटो मी काढला होता आणि मला यातलं एकही दिसलं नव्हतं.

भिंतही मोजली. समोर गादी आहे, भिंतीपासून साडेसहा फूट. गिऱ्हाईक तिथेच बसून वाद्य वाजवून बघतं. पण आतल्या खोलीचं दार त्याच भिंतीत आहे, तिथून जाणारा माणूस फोटोपासून दोन-अडीच फुटांवरून जातो.

बिंदूगणित (मंगळवार, रात्री १०:१०)

तुम्ही अपराधी का वाटून घेताय? पापण्या बघायला आपण सरावलोय, त्या दिसल्या की डोळा समाधान पावतो. चेहरा मूळ फाइलमध्ये केवढा आहे, उंचीला किती पिक्सेल?

कृष्णाकाठची (मंगळवार, रात्री १०:२२)

मोजला. २६० च्या जवळपास.

बिंदूगणित (मंगळवार, रात्री ११:०५)

२६० पिक्सेलमध्ये मिटलेल्या डोळ्याला जेमतेम तीस-चाळीस येत असतील. पापण्या वेगळ्या दिसायला जागाच नाही. त्यामुळे आलेल्या पापण्या शंभर टक्के एआयने मनाने रेखाटलेल्या.

असं करा. दोन थर घ्या. खालचा जुन्या पद्धतीने मोठा केलेला, वरचा एआयचा, चेहरा-सुधारणा बंद ठेवून. मग वरच्या थराला मास्क लावा, म्हणजे तो हवा तिथे झाकता येतो. चेहरा, दोन्ही हात, घोडी, तारा, मणी इथला एआय पूर्ण पुसून टाका. मागची भिंत, दाराची चौकट, टांगलेले भोपळे, लाकडाचा ढीग इथे तो ३०-४० टक्के दिसू द्या. भिंतीचे जेपीईजी चौकोन एआय फार सफाईने घालवतो, तेवढं त्याच्याकडून घ्या.

हे झालं की सगळ्या चित्रावर हलका एकरंगी दाणा टाका, फिल्मच्या ग्रेनसारखा. मऊ चेहरा आणि खडखडीत भिंत शेजारी आली की जोड दिसतो. दाणा दोघांना एका सुतात आणतो. शिवाय जवळून बघणाऱ्या नजरेला धरायला काहीतरी मिळतं, सपाट मऊपणा तेवढा खुपत नाही.

माहुलीकर (बुधवार, सकाळी ६:४०)

त्या मुलाने नखाची चीर ओळखली, हे वाचून दोनदा थांबलो.

आकाराबद्दल माझा एक अनुभव सांगतो. माझा जुना कॅमेरा निकॉन डी७०, ६ मेगापिक्सेलचा, ३००८ बाय २०००. २००६ मध्ये त्याच्या दोन फायली ३० बाय २० मध्ये छापल्या. एक कासचं पठार, सप्टेंबरातलं. गेंद, सीतेची आसवं, तेरडा, नजर जाईल तिथवर गालिचा. दुसरी सज्जनगडाच्या बाजूच्या डोंगररांगांची, पहाटेच्या धुक्यातली. दोन्हींना इंचाला १०० पिक्सेल, कागद एक, दुकान एक. डोंगररांगांची प्रिंट आजही माझ्या हॉलमध्ये आहे, अगदी जवळ गेलं तरी खटकत नाही. कासची मी कपाटामागे ठेवून दिली. एकेका फुलाला तीन-चार पिक्सेल आलेले. लांबून गालिचा वाटायचा, पण फुलांचा फोटो म्हटल्यावर माणूस फूल बघायला पुढे येतोच, आणि तिथे फूल नव्हतंच, नुसता ठिपका.

धुक्यात शोधायला बारीक असं काही नसतं, म्हणून ते मोठं होतं. तुमच्या फोटोत माणूस काय शोधायला पुढे येईल? हात आणि तारा. त्यामुळे ४० इंच मला जास्त वाटतात.

चौरसफूट (बुधवार, सकाळी ९:१५)

पण गादीवरून साडेसहा फूट आहे की. ७८ इंच. सूत्रात ४४ येतात, आपल्याकडे ५१ आहेत. दारातून जाणाऱ्यासाठी बसणाऱ्याचं का कमी करायचं? मोठी भिंत, लहान फोटो, पोस्टाचं तिकीट वाटतं.

रसायनकाका (बुधवार, सकाळी ११:००)

वाद घालून ठरत नाही. छापून ठरवायचं.

पोरी, एक काम कर. दोन आकारांच्या फायली बनव, एक ४० इंची, एक ३० इंची. चारपट केलेली तुझी फाइल ८१९२ बाय ६१४४ होते. ३० इंचाला म्हणजे इंचाला २७३. त्यातून चेहरा आणि हात येईल असा ३२७६ बाय २१८४ चा तुकडा काप, तो बरोबर १२ बाय ८ इंचांचा होतो. ४० इंचाला तीच फाइल इंचाला २०५ पडते. त्यातला १२ बाय ८ चा तुकडा २४६० बाय १६४० चा. दोन्ही तुकडे कोणत्याही लॅबमध्ये ८ बाय १२ मध्ये छापून घे. लॅबवाल्याला सांग: रंगात, उजेडात काही करू नका, आकार बदलू नका. साध्या प्रिंटच्या पैशात तुला मोठ्या प्रिंटचा खराखुरा तुकडा हातात मिळतो. लॅबमध्ये आम्ही मोठ्या कामाआधी पट्टी काढायचो, ती हीच.

मग तुकडे त्या भिंतीवर चिकटव, फोटो लागणार त्या उंचीवर, तिथल्याच दिव्यात. एकदा गादीवर बसून बघ, एकदा दारातून जाता जाता बघ. पडद्यावर १०० टक्के करून बघितलेलं धरू नकोस. पडदा स्वतःचा उजेड फेकतो, कागद खोलीतला उजेड परत देतो. म्हणून प्रिंट नेहमी अंधारी वाटते. तुझ्या फोटोत सावली भरपूर आहे. लॅपटॉपचा उजेड निम्म्यावर आणून सावल्या थोड्या उजळ कर, मग तुकडे काढ.

ठोसेघर (बुधवार, दुपारी १२:३०)

काका, हा तुकड्याचा उपाय मला आधी माहीत असता तर आजोबांचा फोटो वाचला असता. लिहून ठेवला.

कृष्णाकाठची (रविवार, सायंकाळी ६:४५)

चार रात्री बसून फाइल केली. बिंदूगणितने सांगितलं तसे दोन थर. मास्क करताना तारांपाशी सगळ्यात वेळ गेला. मूळ फाइलमध्ये तारा सलग दिसतच नाहीत, कुठे उजेड पकडलाय तिथे चमकतात, बाकी लाकडात मिसळतात. त्या जोडून काढायचा मोह झाला होता. नाही काढल्या. जशा आहेत तशा ठेवल्या.

आज तुकडे घेऊन गेलो, आई पण आली होती. ४० इंची तुकडा गादीवरून झकास. चौरसफूट दादा, तुमचं बरोबर होतं. पण मुलगा दारातून आत-बाहेर करत राहिला, चार-पाच वेळा, आणि दर वेळी ३० इंचीपाशी थांबायचा. ४० इंचीत अंगठा नुसता मऊ गोळा वाटत होता. ३० इंचीत चीर दिसते. चीर अशी नाही, तिथे काहीतरी आहे एवढं कळतं. त्याला तेवढं पुरतं.

तर ३० बाय साडेबावीस ठरलं. इंचाला मूळचे ६८ पिक्सेल. भिंत रिकामी वाटू नये म्हणून काय करावं?

रसायनकाका (रविवार, सायंकाळी ७:२०)

माउंट लाव, म्हणजे फोटोभोवती जाड कागदाची चौकट. चारी बाजूंनी तीन इंचांचा, ऑफ-व्हाइट, अगदी शुभ्र नको. म्हणजे फ्रेम ३६ बाय साडेअठ्ठावीसच्या घरात जाते, भिंत भरते. माउंटमुळे अजून एक काम होतं: काच आणि प्रिंट यांच्यात फट राहते. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेला टेकलेली प्रिंट दमटपणाने काचेलाच चिकटते. मग ती सोडवताना फोटोचा पापुद्रा निघतो. असे कितीतरी फोटो लोक माझ्याकडे घेऊन यायचे.

कागद मॅट घे, सुती मिळाला तर उत्तम. चकचकीत कागद प्रत्येक दोष पुढे करतो आणि दारातला उजेडही त्यावर पडेल. शाई पिगमेंटची आहे का विचार. एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत फाइल दे, दुकान वेगळं काही मागत असेल तर त्यांच्याकडून कागदाचा रंग-प्रोफाइल घे.

चौरसफूट (रविवार, रात्री ८:००)

माउंटचं मला सुचलं नव्हतं. ३० ठीक आहे मग. ताई, मागे सनबोर्ड लावून घेऊ नका, काही वर्षांनी वाकतो. फ्रेमवाल्याकडून आम्लमुक्त बोर्ड मागा. आणि ती भिंत नवीन बांधलेली आहे, तर पूर्ण वाळल्याशिवाय टांगू नका. फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांत रबराच्या टिकल्या लावा, हवा खेळती राहते.

कृष्णाकाठची (तीन आठवड्यांनी, गुरुवार, रात्री ९:५०)

काल फोटो लागला. गादीवर बसलं की आधी उजेड दिसतो, मग दाढी, मग मिटलेले डोळे. जवळ गेलं की मऊ होतो, दाणा दिसतो, जुन्या काळातल्या प्रिंटसारखा.

आईचा तानपुरा सोबत नेला होता. जवारी आता मुलगा काढतो. त्याने घोडीवर कानस फिरवली, तार छेडली, आणि फोटोकडे पाठ करून बसला होता तरी मान त्याच बाजूला कलली. मी कॅमेरा नेला नव्हता, मोबाइलवर काढला. बिंदूगणित, मोबाइलमध्ये रॉ सुरू करायची सोय असते म्हणतात, ती कुठे असते तेवढं सांगा. पुढच्या खेपेला नीट काढते.

बिंदूगणित (गुरुवार, रात्री १०:०४)

कॅमेरा अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये, बहुतेक फोनमध्ये प्रो मोडखाली. फोनचं मॉडेल कळवा, नेमकं सांगतो.